बाळाची किडनी, प्राणवायू आणि चहाच्या पानातलं औषध

बाळ जन्मलं की बाहेर बसलेल्या आजीचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘रडलं का?’ आणि काही तासांनी दुसरा, ‘शू केली का?’ पहिल्या प्रश्नाचं महत्त्व कुणाला समजावून सांगावं लागत नाही. बाळ रडलं नाही म्हटलं की घरच्यांच्या पोटात गोळा येतो आणि बोलणं सुरू होतं ते मेंदूचं. मेंदूला प्राणवायू कमी पडला असेल का, बाळ पुढे चालेल-बोलेल ना? दुसरा प्रश्न मात्र बायकी चौकशी म्हणून बाजूला पडतो. खरं तर गुदमरून जन्मलेल्या बाळाच्या बाबतीत तो पहिल्याइतकाच शास्त्रीय आहे. प्राणवायू तुटायला लागला की शरीर मेंदू आणि हृदय वाचवण्यासाठी जे पुरवठे आधी कापतं, त्यांत मूत्रपिंडाचा नंबर अगदी वरचा.

नवजात शिशूंच्या अतिदक्षता कक्षाला सरकारी रुग्णालयात एसएनसीयू म्हणतात आणि नातेवाईक ‘बाळाला काचेत ठेवलंय’ एवढंच म्हणतात. तिथे आजीच्या प्रश्नाचं उत्तर वजनकाट्यावर मिळतं. नर्स ओला लंगोट काट्यावर ठेवते, कोरड्या लंगोटाचं वजन त्यातून वजा करते आणि उरलेले ग्रॅम तक्त्यात मिलिलिटर म्हणून लिहिते. बाळाच्या वजनाच्या दर किलोमागे तासाला एक मिलिलिटरपेक्षा कमी लघवी होऊ लागली की ती डॉक्टरांना हाक मारते. अडीच किलोच्या बाळाने सहा तासांत किमान पंधरा मिलिलिटर, म्हणजे चहाचे तीन चमचे, लघवी करायला हवी. रक्ततपासणी त्या मानाने उशिरा जागी होते. क्रिएटिनिन हा रक्तातला घटक वाढला की किडनी बिघडली, हे मोठ्यांच्या बाबतीत आपण ऐकतो. पण नवजात बाळाच्या रक्तात पहिल्या दिवशी जे क्रिएटिनिन असतं, ते बरंचसं आईचं असतं. आणि बाळाचं स्वतःचं क्रिएटिनिन चढेपर्यंत एक-दोन दिवस निघून गेलेले असतात, मूत्रपिंडाचं बरंच काम बंद पडलेलं असतं.

हे किती वेळा होतं? २०१४च्या जानेवारी ते मार्च या तीन महिन्यांत अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि भारत या चार देशांतल्या २४ अतिदक्षता कक्षांनी मिळून बाळांच्या नोंदी तपासल्या. ‘अवेकन’ नावाने ही पाहणी ओळखली जाते. अभ्यासलेल्या २,०२२ बाळांपैकी ६०५ बाळांच्या मूत्रपिंडाला इजा झालेली आढळली, म्हणजे दहातल्या तिघांच्या. इजा झालेल्यांत दहा टक्के बाळं दगावली, न झालेल्यांत एक टक्का. आता कुणी म्हणेल, जास्त आजारी बाळांचीच किडनी बिघडणार आणि तीच दगावणार, त्यात किडनीचा काय दोष? संशोधकांनी बाकीच्या आजारांचा हिशोब वजा करून पाहिला, तरी मूत्रपिंडाच्या इजेचं वजन वेगळं उरलंच. या पाहणीतल्या, गुदमरल्याने मेंदूवर परिणाम झालेल्या बाळांचा वेगळा अभ्यास झाला, तेव्हा त्यांच्यात हे प्रमाण सुमारे ४२ टक्के निघालं.

आता थोडं मागे, आईच्या पोटात जाऊ. तिथे बाळाच्या मूत्रपिंडावर जगण्याची जबाबदारी नसते. रक्तातली घाण काढायचं काम वार करते. मूत्रपिंड लघवी बनवतं, ती गर्भजलात मिसळते आणि त्या गर्भजलावर फुप्फुसांची वाढ होते. प्रौढ माणसाच्या हृदयातून बाहेर पडणाऱ्या रक्ताचा पाचवा हिस्सा किंवा त्याहूनही थोडा जास्त दोन मूत्रपिंडांकडे जातो, गर्भात मात्र हा वाटा दोन-चार टक्केच असतो. नाळ कापली की वार गेली. त्या क्षणापासून सगळं काम या दोन अवयवांवर येतं. पूर्ण दिवसांच्या बाळात एकेकाचं वजन असतं बारा-तेरा ग्रॅम. रक्ताचा वाटा पुढच्या काही आठवड्यांत हळूहळू वाढत जातो. म्हणजे सगळ्यात नाजूक काळ पहिल्या आठवड्याचा, आणि नेमक्या त्याच आठवड्यात गुदमरणं, जंतुसंसर्ग, रक्तदाब पडणं ही संकटं येतात.

अपुऱ्या दिवसांच्या बाळाची अडचण आणखी मोठी. रक्त गाळणारे सूक्ष्म घटक, म्हणजे नेफ्रॉन, एका मूत्रपिंडात सरासरी दहा लाख असतात. त्यांतले निम्म्याहून जास्त गर्भारपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत तयार होतात आणि ३४ ते ३६ आठवड्यांनंतर नवा एकही बनत नाही. सातव्या महिन्यात जन्मलेलं बाळ हे बांधकाम अर्धवट ठेवूनच बाहेर येतं. बाहेर ते काही आठवडे चालू राहतं, पण पोटातल्यासारखं नीट होत नाही. गेलेला नेफ्रॉन परत येत नसल्यामुळे इथे झालेलं नुकसान आयुष्यभराचं असतं.

इथे एक प्रश्न पडायला हवा. मूत्रपिंडाला एवढं रक्त मिळतं, मग प्राणवायूची ददात का? याचं उत्तर रक्त आत कसं वाटलं जातं यात आहे. कालव्याच्या मुखाशी असलेल्या शेतांना पाणी मुबलक मिळतं आणि शेपटाकडच्या शेतकऱ्याची पाळी येईपर्यंत पाट कोरडा पडलेला असतो, तशीच स्थिती इथे आहे. मूत्रपिंडात येणारं नव्वद टक्के रक्त बाहेरच्या थरात फिरतं, कारण गाळण्याचं काम तिथे चालतं. आतल्या गाभ्यात जातं ते उरलंसुरलं. बाहेरच्या थरात प्राणवायूचा दाब साधारण पन्नास मिलिमीटर पारा असतो, गाभ्यात तो दहा ते वीसवर येतो, तोही निरोगी माणसात, सगळं आलबेल असताना! आणि मेहनतीचं एक मोठं काम याच गाभ्याच्या भागात आहे. गाळलेल्या पाण्यातलं मीठ शरीरात परत ओढून घ्यायचं, नाहीतर काही तासांत शरीर कोरडं पडेल. मूत्रपिंड जो प्राणवायू वापरतं, त्यातला सुमारे ऐंशी टक्के या मीठ-ओढीवर खर्च होतो. म्हणजे जितकं जास्त गाळलं, तितकं जास्त मीठ परत ओढायचं आणि तितका जास्त प्राणवायू जाळायचा. हे गणित लक्षात ठेवलं की पुढची सगळी गोष्ट त्यातून उलगडते.

बाळ गुदमरलं. पेशींना प्राणवायू मिळेना. पेशी ज्या इंधनावर चालतात ते एटीपी भराभर मोडतं आणि त्याच्या तुकड्यांतून अ‍ॅडेनोसिन नावाचा छोटा रेणू तयार होऊन पेशीबाहेर साचतो. अ‍ॅडेनोसिन म्हणजे शरीराने काढलेली टंचाईची दवंडी. ही दवंडी ऐकणारी प्रथिनं पेशींच्या पृष्ठभागावर असतात, त्यांनाच रिसेप्टर म्हणतात. अ‍ॅडेनोसिनचे रिसेप्टर चार प्रकारचे आहेत. आपल्याला इथे एकाशीच कर्तव्य आहे, ए-१शी. हृदयात, मेंदूत, बहुतेक अवयवांत अ‍ॅडेनोसिन वाढलं की रक्तवाहिन्या रुंदावतात आणि जास्त रक्त येतं, हे समजण्यासारखं आहे. मूत्रपिंडात मात्र उफराटं घडतं. गाळणाऱ्या केशवाहिन्यांच्या पुंजक्यात रक्त आणणाऱ्या बारीक धमनीवर ए-१ रिसेप्टर असतात. अ‍ॅडेनोसिन त्यांना चिकटलं की ती धमनी आक्रसते. रक्त कमी येतं, गाळणं मंदावतं, लघवी आटते.

निसर्गाने असं उलटं का केलं असावं, याचं उत्तर वरच्या गणितात आहे. प्राणवायू नाही, तर गाळणंच कमी करा, म्हणजे मीठ ओढण्याचा खर्च वाचेल. आतला गाभा जिवंत राहील. थुराउ आणि बॉयलन या दोघा शास्त्रज्ञांनी १९७६ साली अशा लघवी आटण्याला मूत्रपिंडाचं अपयश म्हणण्याऐवजी मूत्रपिंडाचं ‘यश’ म्हणावं, असा खोडकर मुद्दा मांडला होता. त्यात तथ्य आहे. दर मिनिटाला एवढं रक्त गाळणारा अवयव तंगीतही त्याच वेगाने गाळत राहिला आणि मीठ परत ओढू शकला नाही, तर माणूस काही तासांत पाणी आणि मीठ गमावून मरेल. २००१ साली ए-१ रिसेप्टर नसलेले उंदीर तयार करून पाहिले, तर त्यांच्यात गाळण्याला लगाम घालणारी ही यंत्रणाच नाहीशी झालेली आढळली. म्हणजे लगाम खरोखर याच रिसेप्टरच्या हाती आहे.

मोठ्या माणसात हा लगाम बहुधा वेळेवर सैल होतो. नवजात बाळात मुळातच रक्ताचा वाटा तुटपुंजा आणि धमन्या आधीच आवळलेल्या. त्यावर हा आणखी एक फास पडला की बचावाचा उपाय जिवावर उठतो.

इथे चहाची पानं गोष्टीत येतात. आल्ब्रेख्त कॉसेल या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८८५ साली बैलाच्या स्वादुपिंडातून अ‍ॅडेनिन वेगळं केलं, जो अ‍ॅडेनोसिनचा गाभा आहे. तीन वर्षांनी, १८८८ साली, याच माणसाने चहाच्या पानांच्या अर्कातून थिओफायलिन वेगळं केलं. कॉसेलला पुढे १९१०चं नोबेल मिळालं ते पेशीच्या रसायनशास्त्रासाठी. या दोन पदार्थांची रिसेप्टरवर गाठ पडते, हे मात्र त्याच्या हयातीत कुणाला ठाऊक नव्हतं. थिओफायलिन आणि त्याचा जवळचा नातलग कॅफिन हे दोघे अ‍ॅडेनोसिनच्या रिसेप्टरवर जाऊन बसतात, पण त्याला चालना देत नाहीत. जागा अडलेली असल्यामुळे अ‍ॅडेनोसिनला शिरकाव मिळत नाही. आपली सकाळची तरतरी येते ती मेंदूतल्या अशाच अडवणुकीने. थिओफायलिन विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लघवी वाढवणारं औषध म्हणून वापरलं जायचं, मग दम्याच्या रुग्णांच्या वाट्याला आलं. आज भारतात कुठल्याही मेडिकलमध्ये डेरिफायलिन मागणारे रुग्ण दिसतील, त्यातही हेच कुळ आहे.

स्वित्झर्लंडच्या लोझान शहरात ज्यां-पिएर गिन्यार्द आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकात सशांवर प्रयोग केले. सशाचा प्राणवायू कमी केला की त्याच्या मूत्रपिंडातल्या रक्तवाहिन्या आवळतात. आधी थिओफायलिन दिलेलं असेल, तर हे आवळणं बरंचसं टळतं. सशांत दिसलं म्हणून माणसाच्या बाळाला द्यायचं असं होत नाही, पण दिशा मिळाली. २००० साली अर्जेंटिनातल्या डॉक्टरांनी गुदमरून जन्मलेल्या पूर्ण दिवसांच्या ५१ बाळांवर चाचणी प्रसिद्ध केली. जन्मानंतर पहिल्या तासात, किलोमागे आठ मिलिग्रॅम थिओफायलिन, एकच डोस. ज्यांना औषध मिळालं, त्यांत मूत्रपिंडाचा गंभीर बिघाड १७ टक्के बाळांत दिसला. ज्यांना नुसतं मिठाचं पाणी दिलं, त्यांत ५५ टक्के. २००६ साली श्रीनगरच्या डॉक्टरांनी हाच प्रयोग काश्मिरी बाळांवर केला, तिथे आकडे २५ आणि ६० टक्के आले. इजिप्त, इराणमधूनही असेच निकाल आले. २०१२ साली किडीगो या जागतिक मूत्रपिंड-मार्गदर्शक मंडळाने, गंभीरपणे गुदमरलेल्या आणि किडनीचा धोका जास्त असलेल्या बाळांना थिओफायलिनचा एक डोस द्यायला हरकत नाही, असं लिहिलं. शब्द मुद्दाम मऊ ठेवलेले आहेत. ‘सुचवतो’ म्हटलं आहे, ‘द्याच’ म्हटलेलं नाही.

मऊ शब्दांना कारण आहे. २०१९ साली सगळ्या चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला गेला, तेव्हा सहा चाचण्या मिळून बाळं भरली ४३६. मूत्रपिंडाची इजा साठ टक्क्यांनी कमी झाली, पण मृत्यू कमी झाले असं ठामपणे म्हणता आलं नाही. थिओफायलिनची गुणकारी मात्रा आणि विषारी मात्रा यांत अंतर थोडं असतं. डोस चुकला तर हृदयाचे ठोके धावतात, झटकेही येऊ शकतात. आणि ज्या बाळाला आधीच मेंदूच्या इजेमुळे झटके येण्याची भीती आहे, त्याच्याबाबतीत ही काळजी क्षुल्लक नाही.

अपुऱ्या दिवसांच्या बाळांना मात्र हे रसायन वेगळ्या दाराने आधीपासूनच मिळत होतं. लवकर जन्मलेली बाळं श्वास घ्यायचं मधूनच विसरतात. कॅनडात १९७०च्या दशकात कॅफिन देऊन हे थांबवता येतं, असं दिसलं. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीत २,००६ बाळं होती (आकडा आणि साल जुळणं हा निव्वळ योगायोग). किलोमागे २० मिलिग्रॅमचा पहिला डोस आणि मग रोज पाच. फुप्फुसांचा जुनाट आजार ४७ टक्क्यांवरून ३६ टक्क्यांवर आला. पुढे ‘अवेकन’च्या नोंदी पुन्हा चाळल्या, तेव्हा ६७५ अपुऱ्या दिवसांच्या बाळांपैकी ज्यांना पहिल्या आठवड्यात कॅफिन मिळालं, त्यांत किडनीची इजा ११ टक्के आणि न मिळालेल्यांत ३२ टक्के निघाली. २०१८ साली हे प्रसिद्ध झालं आणि नवजात शिशुतज्ज्ञांच्या जगात मोठी कुजबुज झाली. सावध राहायला हवं ते इथे. ही जुन्या नोंदींची तपासणी होती, चिठ्ठ्या टाकून केलेली चाचणी नव्हे. कॅफिन न मिळालेली बाळं मुळातच वेगळ्या प्रकारे आजारी असू शकतात. आणि जास्त कॅफिन म्हणजे जास्त फायदा, असं समजून एका छोट्या चाचणीत मोठा डोस दिला, तेव्हा लहान मेंदूत रक्तस्राव जास्त दिसला. त्यामुळे कोणी घरी बाळाला चहा-कॉफीचं बोट चाटवण्याचा विचारही करू नये.

यातली मला सर्वांत गंमतशीर वाटणारी गोष्ट म्हणजे नवजात बाळाचं यकृत थिओफायलिनपासून कॅफिन बनवतं. मोठ्यांच्या शरीरात गाडी उलट्या दिशेने धावते, कॅफिन मोडून त्यातून थोडं थिओफायलिन होतं. आणि प्रौढाच्या शरीरातून कॅफिनचा निम्मा भाग पाचेक तासांत जातो, तर नवजात बाळात त्यालाच शंभरेक तास लागतात. म्हणून मोठ्यांवरचा डोस वजनाच्या प्रमाणात छोटा करून बाळाला देता येत नाही. बाळ हा लहान आकाराचा मोठा माणूस नाही, हे वाक्य बालरोगतज्ज्ञ उगाच म्हणत नाहीत.

रिसेप्टर कळला, त्यावर बसणारा रेणू कळला, की औषध हमखास लागू पडणार असं मात्र नाही. डोपामिनची कथा त्यासाठी लक्षात ठेवावी. मूत्रपिंडातल्या डोपामिनच्या रिसेप्टरना चालना दिली की रक्तवाहिन्या रुंदावतात आणि लघवी वाढते, म्हणून कित्येक वर्षं जगभरच्या अतिदक्षता कक्षांत ‘किडनीचा डोपामिन’ नावाने थोडी थोडी मात्रा चालू असायची. २००० साली ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या डॉक्टरांनी ३२८ प्रौढ रुग्णांवर रीतसर चाचणी केली. किडनी वाचण्यात काडीचाही फरक पडला नाही. ए-१ रिसेप्टरवरच नेम धरून बनवलेलं रोलोफायलिन हे नवं औषध हृदयविकाराच्या २,०३३ रुग्णांना देऊन पाहिलं, २०१० साली निकाल आला, तेही अपयशी ठरलं आणि त्यात झटके येण्याचा धोका दिसला. दोन्ही प्रयोग प्रौढांवरचे, दोन्ही कागदावर बिनतोड. लघवी वाढली म्हणजे किडनी सुधारली, असं समजण्यात मोठी फसगत आहे. उलट, प्राणवायू नसताना गाळणं जबरदस्तीने वाढवलं, तर गाभ्याचा खर्चच वाढेल, असाही आक्षेप घेता येतो. गुदमरलेल्या बाळात अडवणूक कामी येते, कारण तिथे धमनी अवाजवी आवळलेली असते, असा तर्क आहे. तो पडताळायचा असेल तर लघवी आणि क्रिएटिनिन पुरेसे नाहीत. मूत्रपिंडातला प्राणवायूच प्रत्यक्ष मोजायला हवा.

आणि इथे बाळाच्या लहान आकाराचा फायदा होतो. १९७७ साली फ्रान्स योब्सिस यांनी दाखवलं की लाल रंगाच्या पलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा प्रकाश कातडी आणि हाडांतून काही सेंटिमीटर आत जातो, आणि प्राणवायू असलेलं व नसलेलं हिमोग्लोबिन तो निरनिराळ्या प्रमाणात शोषून घेतं. या तंत्राला एनआयआरएस, बोलताना ‘नीर्स’, म्हणतात. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर धमनीतल्या नाडीपुरतं बघतो. नीर्स मात्र त्या जागेतल्या सगळ्या रक्ताकडे बघतं, आणि त्यात शिरांतलं रक्त जास्त असतं. म्हणजे ऊतीने प्राणवायू वापरल्यावर मागे किती उरला, याचा अंदाज मिळतो. बाळाच्या पाठीवर, शेवटच्या बरगडीच्या खाली कंबरेच्या बाजूला एक मऊ पट्टी चिकटवतात. तिच्या एका टोकाला प्रकाश सोडणारा दिवा, काही सेंटिमीटरवर परत आलेला प्रकाश पकडणारे संवेदक. मोठ्या माणसाची किडनी चरबी आणि स्नायूंच्या आड इतकी खोल असते की हा प्रकाश तिथवर पोचत नाही. नवजात बाळाची किडनी कातडीपासून एक-दोन सेंटिमीटरवरच सापडते. त्यामुळे रक्त न काढता, दर काही सेकंदांनी, मूत्रपिंडातल्या प्राणवायूचा आकडा पडद्यावर येतो. रक्तदाब पडला, हृदयाजवळची गर्भातली नळी उघडी राहून रक्त भलतीकडे गेलं, तर क्रिएटिनिन चढायच्या कितीतरी आधी हा आकडा उतरलेला दिसू शकतो.

उत्साहाला इथेही आवर घालावा. प्रकाश बाहेरचा थर जास्त पाहतो, तर खरी टंचाई आतल्या गाभ्यात असते. निरनिराळ्या कंपन्यांची यंत्रं एकाच बाळात निरनिराळे आकडे दाखवतात. पट्टी थोडी सरकली तर यकृत किंवा आतडं मोजलं जातं. आणि मोजल्याने आपोआप भलं होतंच असंही नाही. मेंदूच्या प्राणवायूवर नीर्स लावून उपचार करण्याची ‘सेफबूझ-३’ नावाची चाचणी १७ देशांत अत्यंत अपुऱ्या दिवसांच्या १,६०१ बाळांवर झाली. २०२३ साली निकाल आला. यंत्राच्या आधारे उपचार केलेल्यांत मृत्यू किंवा मेंदूची गंभीर इजा ३५.२ टक्के, नेहमीच्या पद्धतीत ३४ टक्के. मूत्रपिंडाच्या बाबतीत एवढी मोठी चाचणी अजून व्हायची आहे.

रिसेप्टरची ही चर्चा अतिदक्षता कक्षाबाहेरही लागू आहे, आणि तो भाग मला सगळ्यांत उपयोगाचा वाटतो. बाळाचं मूत्रपिंड गर्भात आणि जन्मानंतर दोन संदेशांच्या तोलावर चालतं. अँजिओटेन्सिन रक्तवाहिन्या आवळतं आणि गाळण्याचा दाब टिकवतं, प्रोस्टाग्लॅंडिन त्या रुंद ठेवतं. या तोलातलं एक पारडं औषधाने उचललं की मूत्रपिंड कोलमडतं. रक्तदाबासाठी आपल्याकडे सर्रास दिली जाणारी टेल्मिसार्टन ही गोळी अँजिओटेन्सिनचा रिसेप्टर अडवते, एनालाप्रिल त्याची निर्मितीच थांबवतं. गर्भारपणात ही औषधं चालू राहिली तर गर्भाची लघवी आटते, गर्भजल संपतं, फुप्फुसं वाढत नाहीत. आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या प्रोस्टाग्लॅंडिन बनू देत नाहीत. गर्भाच्या मूत्रपिंडाच्या कारणाने २०व्या आठवड्यानंतर त्या टाळाव्यात, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२० साली दिला. जन्मानंतर हृदयाजवळची उघडी नळी बंद करायला हेच आयबुप्रोफेन बाळाला देतात, तेव्हा लघवीवर नजर ठेवतात ती याच कारणाने. जंतुसंसर्गासाठी एसएनसीयूत पहिल्या दिवसापासून दिलं जाणारं जेंटामायसिन मूत्रपिंडाच्या पेशीत शिरतं तेसुद्धा मेगालिन नावाच्या रिसेप्टरच्या वाटेने, आणि आत साचत राहतं. म्हणून दोन डोसांमधलं अंतर दिवसांच्या आणि वजनाच्या हिशोबाने ठरवावं लागतं.

गुदमरलेल्या बाळाचा मेंदू वाचवायला पाश्चात्त्य देशांत त्याला तीन दिवस थंड ठेवतात. भारत, श्रीलंका आणि बांगलादेशातल्या ४०८ बाळांवर ‘हेलिक्स’ ही चाचणी झाली, त्यात मुंबईचं सायन रुग्णालयही होतं. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या निकालात थंड केलेल्यांत मृत्यू ४२ टक्के आणि न केलेल्यांत ३१ टक्के निघाले. तिकडचा उपाय इकडे जसाच्या तसा चालला नाही. आता गंमत अशी की थिओफायलिनच्या सुरुवातीच्या चाचण्या थंड न केलेल्या बाळांवरच झालेल्या आहेत, आणि थंड केलेल्या बाळाच्या शरीरातून थिओफायलिन सावकाश बाहेर पडतं, त्यामुळे तिकडच्या डॉक्टरांना डोस नव्याने बसवावे लागतात. म्हणजे हे जुनं औषध आपल्या बाळांना जास्त लागू पडण्याची शक्यता आहे. ते स्वस्त आहे, पेटंट कधीच संपलेलं आहे, त्यामुळे त्याच्या चाचणीवर पैसे घालायला कुठल्याही कंपनीला रस नाही. चारशे छत्तीस बाळांच्या पुराव्यावर आपण वीस वर्षं घुटमळतो आहोत, ही माझ्या मते लाज वाटण्याजोगी गोष्ट आहे. भारतातल्या सरकारी एसएनसीयूंमधून काही हजार बाळांची, मृत्यू आणि पुढच्या वाढीपर्यंत पाठपुरावा करणारी चाचणी सरकारी पैशाने व्हायला हवी, आणि ती भारतातच व्हायला हवी.

अर्थात औषधाच्या आधीचं काम औषधापेक्षा मोठं आहे. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ने ३९ गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी शिकवली. न रडणाऱ्या बाळाला श्वास कसा द्यायचा, हे त्यात होतं. १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्याचा अहवाल आला. हजारी ६२ असलेला नवजात मृत्युदर तीन वर्षांत २५वर आला होता. ज्या बाळाने पहिल्या मिनिटात श्वास घेतला, त्याच्या मूत्रपिंडात अ‍ॅडेनोसिन साचत नाही.

ज्यांचं बाळ काचेत राहून घरी आलं आहे, त्यांच्यासाठी एक विनंती. डिस्चार्ज कार्ड घेताना विचारा, ‘किडनीला त्रास झाला होता का? सगळ्यात जास्त क्रिएटिनिन किती गेलं होतं?’ उत्तर कार्डावर लिहून घ्या आणि ते कार्ड लसीकरणाच्या पुस्तिकेबरोबर जपून ठेवा. त्रास झाला असेल तर तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी करून घ्या. कमी नेफ्रॉनवर वाढलेल्या मुलांना पुढे रक्तदाबाचा त्रास होण्याची शक्यता जास्त, म्हणून अशा मुलाचा रक्तदाब तीन वर्षांच्या आधीपासूनच प्रत्येक तपासणीत मोजला जावा. ताप-दुखण्यावर मनाने आयबुप्रोफेन पाजू नका. आणि रक्तदाब मोजायचा लहान मुलांचा पट्टा वेगळ्या मापाचा असतो. दवाखान्यात मोठ्यांचाच पट्टा गुंडाळू लागले, तर लहान पट्टा मागून घ्या.